तात्या पेशकारांचा तहखाना

तात्या पेशकारांनी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं कधी विचारलं नाही. माणूस ओट्यावर टेकला की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "ईमानानं सांगा. घराखाली तहखाना असावा का नसावा?"

पोस्टमन, बांगड्या भरायला आलेला कासार, शेजारची मुलगी पाहायला आलेले लातूरचे पाहुणे, कुणी सुटलं नव्हतं. एकदा उदगीर स्टेशनात हैदराबादची गाडी उभी होती, तर खिडकीतल्या अनोळखी माणसालाही त्यांनी हाच सवाल घातला. गाडी सुटली तरी तो बिचारा खिडकीतून हात काढून 'असावा, असावा' अशा खुणा करत होता.

तात्यांची उमर अदालतीत पेशकारी करण्यात गेली. हाकिमासमोर कागद मांडायचे आणि निकाल लागला नाही की पक्षकारांना पुढची तारीख द्यायची, हे काम. पेन्शन झाली, सवय राहिली. गावाबाहेर घरासाठी घेतलेली जागा मोकळी पडून होती आणि तात्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. पत्नी वारल्या होत्या, एकुलती मुलगी देगलूरला दिलेली. रोज संध्याकाळी ओट्यावर सतरंजी पडे, चहाचे कप मांडले जात आणि तळघराचा मुकदमा सुरू होई. येईल तो गवाह. चहा हा गवाहाचा भत्ता. दिवेलागण झाली की तात्या मांडीवर थाप मारत, "मुल्तवी. उद्या या."

तहखान्याच्या बाजूनं शिवप्पा बोलत. समोरच त्यांची धान्याची आडत होती. "तात्या, वैशाखात दुपारी खाली निजून तर बघा. माठात बसल्यावानी गार. अन् चार पोती ज्वारी ठेवली तर कुणाच्या बापाला दिसायची न्हाई."

"तुम्हाला माझी झोप पाहिजे का ज्वारीला जागा पाहिजे?"

"दोन्ही, दोन्ही. म्या काय खोटं बोलायलो का?"

विरुद्ध बाजूला करीम मिस्त्री. घर त्यांनीच बांधायचं ठरलं होतं आणि निकालाची वाट पाहून त्यांच्या दाढीत पांढरं आलं होतं. "तहखाना नक्को, तात्या. पानी आया, करीम को बुलाव. साप निकला, करीम को बुलाव. मेरे कू जन्मभर तुमच्या घराखाली बसवता क्या?"

अशा या रंगलेल्या अदालतीत मी बी. ए. होऊन दाखल झालो.

मी देवणीजवळच्या खेड्यातला. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मीच. उदगीरला शिकत असताना मी वार लावून जेवत असे आणि माझा बुधवार तात्यांकडे होता. पेशकारीणबाई माझी भाकरी संपू देत नसत. त्या अन्नाचे उपकार आहेत, म्हणून हे सारं आदरानंच सांगतो आहे. पण आदर वेगळा आणि डोक्यात गेलेली पदवी वेगळी. मी ट्रंकेवर 'बी. ए.' रंगवून घेतलं होतं. छत्रीवरही. उदगीरला मास्तर म्हणून लागलो तेव्हा पाऊस नसला तरी मी छत्री उघडून शाळेत जाई, कारण मिटलेल्या छत्रीवरची पदवी घडीत जात होती.

तात्या मला हाकच 'बी. ए.' अशी मारत. मला ती फार गोड लागे आणि वाटे, या माणसाचं ऋण फेडायला हवं. इतकी वर्षं घर अडलंय ते शास्त्रोक्त पुराव्यावाचून. तो पुरावा मी देईन.

श्रावणात मी करीमभाईंचे दोन गडी घेतले आणि तात्यांच्या जागेत पुरुषभर खोल खड्डा खणवला. विहिरीजवळ खणला, कारण तिथली माती मऊ होती. मग पावसाची वाट पाहिली. झड लागून गेली, मी काठी बुडवून आलो. खड्ड्यात गुडघ्याच्या वर पाणी.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर उभा राहून बोललो. बसून बोललो असतो तरी चाललं असतं. भूगोल सांगितला, मातीचे थर सांगितले, मधूनच दोन इंग्रजी शब्द पेरले, जे कुणालाच कळले नाहीत आणि ज्यांच्याविषयी माझीही खात्री नव्हती. शेवटी ओली काठी सगळ्यांसमोर धरली.

शिवप्पांनी काठीकडे पाहिलं. "पाणी तर लई लागलं म्हणायचं."

तात्यांनी एकच विचारलं, "खड्डा कुठं घेतला, बी. ए.?"

"विहिरीजवळ."

तात्या माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाकीच्यांवर नजर फिरवली. चष्मा कपाळावरून खाली आला. "ठीक. गवाही पक्की आहे. तहखाना नको. फैसला झाला."

करीमभाईंनी मला मिठीच मारली. दसऱ्याला पाया खणायचं ठरलं. मी छत्री उघडून घरी गेलो. आभाळ निरभ्र होतं.

पुढचे काही दिवस मी शाळेत भेटेल त्याला ही हकिकत सांगत होतो. मग एका संध्याकाळी तात्यांच्या घरावरून निघालो, तर सतरंजी पडलेली, कप मांडलेले, सगळे पालथे. तात्या एकटेच. समोर शिवप्पा आपल्या आडतीत दाणे पारखत होते. त्यांचंही बरोबर होतं. निकाल लागल्यावर गवाह अदालतीत कशाला येईल?

"या, बी. ए.," तात्या म्हणाले. "काय काम काढलं?"

इतक्या दिवसांत त्यांनी मला काम विचारलं नव्हतं. मी पायरीवरच थबकलो. माझे बुधवार आठवले. तेव्हा या ओट्यावर चिटपाखरू नसे. तात्या कचेरीतून आले की थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसत आणि बाई भाकरी थापत असताना दोघांचं बोलणं चाले, ते माझं जेवण झालं तरी संपत नसे. जागा तेव्हाही घेतलेली होती. तहखान्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

पदवीधर माणसाला हे कळायला एवढा वेळ लागला.

मी छत्री भिंतीला टेकवली. "तात्या, अपील आहे."

"कशावर?"

"माझ्या गवाहीवर. खड्डा मी उताराला, विहिरीच्या कडेला घेतला. तिथं पाणी लागणारच. घर येणार वरच्या अंगाला, मुरुमात. माझा पुरावा कवडीचा नाही."

तात्या हसले नाहीत. "ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघात तुमची पहिलीच गवाही, बी. ए. ती कशी मोडायची? आमच्या घरी जेवलेलं पोर उभं राहून बोलत होतं. ही असती तर दाराआडून ऐकत बसली असती."

तात्यांनी कडेचा एक कप सुलटा केला, मग त्याच्या शेजारचा, आणि रस्त्याकडे तोंड करून हाक दिली, "शिवप्पा, या इकडं. मुकदमा परत उभा राहिला."

"कुणी केला?"

"बी. एं.नी. स्वतःच्याच विरुद्ध."

शिवप्पा दाणे तसेच टाकून धोतर सावरत आले. चुन्याचा भाव सांगायला निघालेले करीमभाई कोपऱ्यावरच थांबले. "लो," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "फिर लटक गया मकान," आणि येऊन माझ्या शेजारी टेकले.

चहा आला. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे वळले.

"ईमानानं सांगा," ते म्हणाले.