मास्तरांची पोहायची चड्डी

रेडीमेड कपडा अंगाला लावायचा नाही, हा शिंपीमास्तरांचा चाळीस वर्षांचा बाणा. त्यामुळे व्यायामाच्या बाईंनी पोहायची चड्डी आणायला सांगितली तेव्हा मास्तर म्हणाले, "आणायची कशाला? शिवतो." तिथेच घोळ झाला.

बाईंचं म्हणणं साधं होतं. दहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला, हाड कमकुवत झालंय, पोटरी सुकलीय. पाण्यात अंगाचा भार हलका होतो. छातीभर पाण्यात रोज चाला, पाय हळूहळू भार घ्यायला लागेल.

मास्तरांना फार लांब चालायचं नव्हतंच. त्यांना तेरा पायऱ्या चढायच्या होत्या. खाली दुकान, वर खोली. प्लास्टरच्या तिसऱ्या आठवड्यात बायको वरच्या खोलीत वारली, आणि हे खाली कापडं बेतायच्या टेबलावर पाय ठेवून पडलेले. छतावर माणसांची पावलं वाजत राहिली. तिला खाली आणलं तेव्हा अर्धं मिनिट भेट झाली, तीही दहा माणसांसमोर. तेव्हापासून त्यांना वर जाऊन तिच्याशी चार शब्द बोलायचे होते. (ती असताना त्यांनी एका वेळी चार शब्द बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.)

तर चड्डी. मास्तरांचं माप बायको घ्यायची. त्यांनी तिच्या हातची वही काढली. कंबर छत्तीस. तिच्या आकड्यावर शंका कोण घेणार? शिवाय माप बरोबर असेल तर नाडी कशाला, म्हणून नुसतं एक बटण लावलं. दोन महिन्यांत कंबर एकतीसवर आलीय, हे त्यांना पाण्यात उतरल्यावर कळलं.

"बाबा, कठडा धरा!" मुलगी काठावरून ओरडली.

"हात मोकळे नाहीत!"

"का? काय झालं?"

"काही नाही! तू घरी जा!"

शेजारी चार आजीबाई व्यायाम करत होत्या. त्यातली एक मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक निघाली. "माझे कपडे मात्र नेहमी घट्ट होतात हो, मास्तर!"

एका मुठीत जीव आणि दुसऱ्या मुठीत चड्डी धरून मास्तर पलीकडच्या काठाकडे निघाले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! आधाराशिवाय! सगळ्यांनी मास्तरांसारखे हात कमरेवर ठेवा!" आणि चारही आजीबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्या मागे चालू लागल्या.

मास्तरांना हसू फुटलं. कित्येक दिवसांनी. आणि हे घरी जाऊन जिला सांगायचं ती घरी नाही, हे त्यांना तिथे पाण्यात पहिल्यांदा नीट कळलं. मग रडूही आलं. आजीबाई मागे होत्या, म्हणून ते चालत राहिले.

दीड महिन्याने, नाडीच्या चड्डीत बराच सराव झाल्यावर, ते तेरा पायऱ्या चढले. तिच्या पलंगाच्या कडेला बसले. बोलायचं सगळं तयार होतं: शेवटी तुझ्याजवळ नव्हतो, माफ कर. तोंड उघडलं, आणि चाळीस वर्षं या खोलीत पाय ठेवताच जे निघायचं तेच निघालं.

"अगं, चहा टाकतेस ना?"

खालून मुलीचा आवाज आला, "टाकलाय, बाबा! या खाली!"

मास्तरांनी डोळे पुसले. उतरायचं बाईंनी अजून शिकवलं नव्हतं, म्हणून ते एकेका पायरीवर बसत, घसरत खाली आले. शेवटच्या पायरीवर पँटची शिवण मागून टर्रकन उसवली. तीही त्यांनीच घातलेली.