बोलल्या दिवशीचं वजन

गौरम्मानं नवस बोलला तो दवाखान्याच्या पायरीवर, चपला घालता घालता, आणि तोही मनातल्या मनात. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

झालं होतं असं. अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चात मडिवाळप्पा सूतगिरणीच्या कचेरीचा जिना चढत होते. हेडक्लार्क माणूस, वय एक्कावन्न, जिना रोजचाच. पण त्या दिवशी सातव्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते कठडा धरून खाली बसले. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी असेच दुकानाच्या ओट्यावर बसले होते, ते पुन्हा उठलेच नाहीत. घरात ही गोष्ट कुणी काढत नसे. पण मडिवाळप्पांनी पन्नाशी गाठल्यापासून ती रोज त्यांच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसत होती.

रामहरी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, मान हलवली आणि त्यांना काट्यावर उभं केलं. ब्याण्णव किलो. आलीच आहे तर हिचंही बघू, म्हणून बरोबर आलेल्या बायकोला, गौरम्मालाही उभं केलं. अठ्ठावन्न. दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर लिहून त्यांनी सांगितलं, की रक्तदाब वाढलाय, वजन उतरवायला हवं, पण घाई करायची नाही. उपास नकोत, कसले काढे नकोत, महिन्याला दीड किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. रोज सकाळी तासभर चालायचं, तळकट बंद, आणि ताटात पडेल त्याच्या निम्मंच खायचं.

"आन् शेंगाचटणी?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"चमचाभर."

"चमच्यानं कोण खातंय हो शेंगाचटणी?"

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मडिवाळप्पा घाबरले आणि त्यांच्याहून जास्त गौरम्मा घाबरली. पायरीवर चपला घालताना तिनं नणंदेच्या गावच्या सिद्धलिंगाला हात जोडले. ह्यांचं सगळं नीट होऊ दे, मार्गशीर्षातल्या जत्रेत ह्यांच्या भारंभार गूळ वाहीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात नवरा, दुसऱ्यात गूळ, आणि काटा मधोमध. नवस फिटेपर्यंत ज्याच्यासाठी बोलला त्याला सांगायचा नाही, असा तिच्या माहेरचा रिवाज होता. म्हणून ती नवऱ्याला काही बोलली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी तिनं देवघरात विभूतीच्या डब्याखाली ठेवून दिली.

मडिवाळप्पांनी मात्र मनावर घेतलं. सकाळी सहाला ते कचेरीतल्या हरिदासला बरोबर घेऊन निघत आणि सिद्धेश्वराच्या तळ्याला वळसा घालून परत येत. त्या काळी सोलापुरात माणूस कामाशिवाय चालत नसे. जाडजूड हेडक्लार्क सकाळी सकाळी तोंड गंभीर करून भरभर चाललाय म्हणजे कुणाच्या तरी घरी वाईट झालं असणार, असंच लोक धरून चालत. पहिल्या आठवड्यात तिघांनी वाटेत थांबवून "कोण गेलं?" म्हणून विचारलं. शेजारचे सोमलिंग तर एक दिवस खांद्यावर टॉवेल टाकून, एक शब्द न बोलता मागोमाग निघाले. पुरतं तळं फिरून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मातीला जायाचं कुटनं हाय?"

हे सगळं सोसून दोन महिन्यांत पाच किलो उतरले. डॉक्टर खूश झाले. मडिवाळप्पांना जिना चढताना दम लागेना, आणि वडिलांचा विषयही मनात थोडा मागं सरला.

मे महिन्यात त्यांची थोरली बहीण निंगव्वा अक्कलकोटाकडच्या गावाहून आंबे घेऊन आली. घरची शेती, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ आणि घरचाच हुकूम, अशी ही बाई होती. देवाधर्माच्या बाबतीत तिचा शब्द त्या पंचक्रोशीत शेवटचा. भाऊ कचेरीत गेल्यावर गौरम्मानं तिला नवसाचं सांगितलं. निंगव्वानं आंबे मांडता मांडता हात थांबवला.

"आन् ह्यो तर वाळाय लागलाय की."

"डॉक्टरनीच सांगितलंय, अक्का."

"डॉक्टरला कुटं बोललीस तू? देवाला बोललीस. बोलल्या दिवशी किती भरला हुता?"

"ब्याण्णव."

"मग ब्याण्णवच बसला पायजे पारड्यात. कमी गूळ वाहिला तर देवाला फसिवल्यागत हुतंय. आन् गूळ ब्याण्णव टाकला, माणूस हलका निघाला, तर माणसाचं पारडं जातंय वर. ते तर लईच वंगाळ."

पारडं वर गेलेलं गौरम्माला तिथंच दिसलं आणि ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. ती काही अडाणी नव्हती. डॉक्टरांचं बरोबर आहे हे तिला कळत होतं. पण डॉक्टर रागावले तर फार तर बोलतील, देव रागावला तर काय करील याचा नेम नाही. तिनं मनाशी हिशोब घातला, की मार्गशीर्षापर्यंत ह्यांना ब्याण्णवावर धरून ठेवायचं, एकदा गूळतुला झाली की मग डॉक्टरांना हवं तेवढं उतरवू दे.

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीच्या पिठात तूप जाऊ लागलं. ताकात साय घोटली जाऊ लागली. साध्या दोडक्याच्या भाजीत मूठभर शेंगदाण्याचं कूट पडू लागलं. मडिवाळप्पा निम्मं जेवत, पण ते निम्मं पहिल्या सबंध जेवणापेक्षा जड होतं. जूनमध्ये काटा हलला नाही. जुलैत हलला, तो वरच्या बाजूला.

डॉक्टरांनी चष्मा काढून बाहेर कुठं खाता म्हणून विचारलं. मडिवाळप्पांनी सिद्धेश्वराची शपथ घेतली. काटा शपथ मानत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

आता मात्र मडिवाळप्पांनी मनाशी हिशोब मांडला. चालणं चालू, तळकट बंद, ताट निम्मं, आणि तरी वजन चढतं म्हणजे हे वजन नव्हेच, आत काही तरी दुसरंच वाढतंय. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण एका रविवारी त्यांनी गौरम्माला जवळ बसवून कपाटाची किल्ली कुठं असते, घराचे कागद कुठल्या पेटीत आहेत, हे समजावून दिलं. गौरम्मानं सगळं ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि घाबरून तुपाचा चमचा बदलून पळी घेतली.

ऑगस्टपासून मडिवाळप्पांनी स्वतःच निम्म्याचं निम्मं केलं. संध्याकाळीही चालायला लागले. कचेरीतून डबा अर्धा परत येऊ लागला. अर्धा डबा परत येतो म्हणून गौरम्मा दुप्पट भरू लागली, दुप्पट भरला म्हणून त्यातला पाऊणभाग परत येऊ लागला. ती ताट वाढवी, ते ताट सारून उठत. शेंगापोळीचा नुसता तुकडा मोडून ठेवत. अर्थात अन्न टाकायचं नाही ही दोघांचीही शिकवण. लग्न झाल्यापासून गौरम्मा नवऱ्यामागून त्याच्याच ताटात जेवत आली होती, तशीच जेवत राहिली. ताटातलं तुपाचं उरलेलं ती संपवी, आणि डब्यात परत आलेलं पाचच्या चहाबरोबर. तिच्या पोलक्यांच्या शिवणी दोनदा उसवाव्या लागल्या. सोलापूरच्या पाण्यानं कापड आटतं, असं तिनं शिंपिणीला सांगितलं, आणि तिला स्वतःलाही ते पटलं होतं.

या सगळ्यात गौरम्माकडं बघायला कुणालाच सवड नव्हती. दोघंही मडिवाळप्पांकडंच बघत होती.

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात डॉक्टरांच्या काट्यानं एकोणऐंशी दाखवले. रक्तदाबही ठिकाणावर आला होता. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. मडिवाळप्पा वाटेत कुठंही न थांबता घरी आले आणि दारातूनच आकडा सांगितला. गौरम्मा मटकन खाली बसली, डोळ्यांना पदर लावला.

"तेरा कमी," ती म्हणाली.

"व्हय की, तेरा," ते म्हणाले आणि त्यांचेही डोळे भरून आले. आनंदानं बाईला रडू येतं हे त्यांनी नऊ महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं होतं.

जत्रेला जायचं एवढंच त्यांना सांगण्यात आलं. सिद्धलिंगाच्या देवळासमोर लिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगला होता, साखळ्यांना दोन लाकडी पाट. एका बाजूला निंगव्वाच्या गुऱ्हाळातला गूळ ढेपांनी रचून ठेवला होता. मडिवाळप्पांनी हे काय म्हणून विचारलं. बहिणीनं आधी बस म्हणून सांगितलं. लहानपणापासून तिनं सांगितलं की ते बसत आले होते, तसेच बसले.

पुजाऱ्यानं ढेपा चढवायला सुरुवात केली. ऐंशीच्या जवळ आल्यावर मडिवाळप्पांचे पाय जमिनीवरून सुटले. निंगव्वा थांब म्हणेना. नव्वदीला ते हवेत अधांतरी लोंबकळू लागले आणि शेवटची ढेप पडली तेव्हा समोरचं पारडं जमिनीला टेकलं. गौरम्मा धावली आणि नवऱ्याच्या पाटाची साखळी दोन्ही हातांनी धरून खाली ओढू लागली.

"अगं, काय करतीस?"

"उतरा खाली. वर जाऊ नका तुमी."

मग सगळं बाहेर आलं, नवस, पिठातलं तूप, साय, कूट आणि पळी. मडिवाळप्पा वरूनच ऐकत होते, कारण त्यांना उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. जूनपासूनचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. कपाटाची किल्ली दाखवली तो रविवारही गेला. ते भयंकर संतापले.

"मी मरतोय म्हणून बसलो हुतो, आन् तू मला तूप घालीत हुतीस?"

"मग काय करू?" गौरम्माचा आवाज चढला नाही, उलट पार खाली गेला. "मामंजी बावन्नाव्या वर्सी गेले. तुमाला फेब्रुवारीत बावन्न लागत्यात. देवाला बोललेलं कमी पडलं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं?"

आपल्या शेजारी पाट मांडून बसणारी ती गोष्ट इतके दिवस समोर बसून हिच्याही ताटात जेवत होती, हे मडिवाळप्पांना तिथं लोंबकळताना कळलं.

निंगव्वा मघापासून गौरम्माला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती.

"ह्यानं ताटात टाकलेलं कोण खायचं?"

"मीच की, अक्का."

"डब्यातलं?"

"मीच."

निंगव्वानं भावजयीचा दंड चाचपला, पोलक्याची शिवण पाहिली आणि पुजाऱ्याकडं वळली. "ह्याचं उतरलेलं हिच्या अंगावर हाय. मग हिला सोडून ह्याचा भार पुरा कसा व्हायचा? बस गं तू बी."

पुजाऱ्याला हरकत घ्यायला जागा सापडली नाही. एकत्र ताटात जेवणारी जोडी एकत्र पारड्यात बसली तर देवाचं काही कमी होत नव्हतं, उलट जास्तच पडणार होतं. लग्नातल्या पाटानंतर पहिल्यांदाच दोघं एका पाटावर बसली, आणि पाट लग्नातल्याहून अरुंद होता. निंगव्वानं घरून आणखी ढेपा मागवल्या. पारडं हळूहळू उचललं गेलं, काटा मधोमध उभा राहिला आणि पुजाऱ्यानं दीडशे किलो म्हणून पुकारलं.

गौरम्मानं कमरेला खोचून आणलेली डॉक्टरांची मार्चातली चिठ्ठी काढून नवऱ्याच्या हातात दिली. ब्याण्णव आणि अठ्ठावन्न. हेडक्लार्कला बेरीज करायला वेळ लागला नाही. नऊ महिने तळ्याला फेऱ्या घालून घरातलं एक किलो वजनसुद्धा घराबाहेर गेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी गौरम्माला स्वतः दवाखान्यात नेलं. काट्यानं एकाहत्तर दाखवले. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पुन्हा एकदा दाबला आणि मान हलवली. मडिवाळप्पांना ती मान ओळखीची होती. डॉक्टर तेच सगळं पुन्हा सांगू लागले, घाई नको, उपास नकोत, सकाळी तासभर चालायचं, ताटातलं निम्मं.

"आन् उरलेलं निम्मं?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"मुळातच निम्मं वाढायचं," डॉक्टर म्हणाले. हे मार्चातच सांगायला हवं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चिठ्ठी लिहून होईपर्यंत मडिवाळप्पा बाहेर येऊन उभे राहिले. सातव्या पायरीवर बसले होते तेव्हासुद्धा ते इतके भ्याले नव्हते. पायरीवर चपला घालता घालता त्यांचे हात आपोआप जोडले गेले. सिद्धलिंगा, हिचं सगळं नीट होऊ दे, पुढच्या जत्रेला हिच्या भारंभार गूळ...

इथं त्यांनी जीभ चावली. आत काट्याकडं एकदा वळून पाहिलं, आणि डोळे घट्ट मिटून घाईघाईनं पुढचं बोलले.

"उतरल्यानंतरच्या, देवा. उतरल्यानंतरच्या भाराइतका."