सुकदेवच्या डायरीतला नंबर

सुकदेवला जाऊन दीड महिना झाला, तरी त्याची डिजिटल डायरी काही उघडेना.

तळहाताएवढं ते काळं यंत्र त्याने सत्त्याण्णवच्या दिवाळीत हौसेने घेतलं होतं, आणि त्याच आठवड्यात नंबर-पत्त्यांची जुनी वही रद्दीत घातली होती. डायरीतले बाकीचे नंबर कोणालाही दिसत. पण एक कप्पा गुप्त होता. तो ठरलेल्या शब्दाशिवाय उघडायचा नाही. अमळनेरच्या पाहुण्यांचा नंबर बाहेर कुठे नव्हता, म्हणजे तो आतच असणार, असं त्याच्या बायकोने, लीलाबाईंनी धरलं.

अमळनेरचे पाहुणे म्हणजे लेकीसाठी, निशासाठी पाहिलेलं स्थळ. मुलगा रेल्वेत, घर चांगलं. "मी फोन करून कळवतो," असं सुकदेव म्हणाला होता, आणि महिन्याभरात उधन्याच्या मिलमध्येच छातीत कळ येऊन गेला. 'ह्यांचं एवढं एक काम राहिलं, ते मी पुरं करणार,' हे लीलाबाईंनी मनाशी पक्कं केलं. अंदाजाने पत्ता घालून पाठवलेलं पत्र शिक्का बसून परत आलं होतं. आता राहिली ही डायरी.

घरात इंग्रजी अक्षरं येणारी निशा एकटीच, म्हणून बटणं ती दाबायची. शब्द चुकला की डायरी 'टीं टीं' करायची. मिलमधला सुकदेवचा जुना सोबती भिवा रोज येऊन शब्द सुचवायचा.

"जयभीम टाक."

टीं टीं.

"मिलनं नाव टाक."

टीं टीं.

"मग वहिनींचंच असेल, दुसरं काय!"

निशाने आईचं नाव टाकलं. टीं टीं. लीलाबाई उठून उगाच डाळ ढवळून आल्या.

"मग दुसऱ्या कोण्या बाईचं..." भिवाने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चंपाबाई दारात हजर.

"माझं नाव टाकून बघायची काही गरज नाही. आधीच सांगून ठेवते."

आता टाकून बघणं भागच होतं. टीं टीं होईपर्यंत चंपाबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःहून गल्लीतल्या आणखी तिघींची नावं सांगितली.

एवढ्या दाबादाबीने पडद्यावरची अक्षरं फिकी पडायला लागली. घड्याळवाल्या मगनभाईंनी डायरी कानाशी धरली, डोळ्यांशी धरली. "बेन, सेल खतम होवा आला. बदलताना अंदरचं बधुं, सगळं साफ झालं, तर मला बोलू नका."

हे ऐकल्यावर भिवाचा धीर सुटला. "वहिनी, मी आजच जास अमळनेरले. रेल्वेवालानं घर हुडकी काढस आन् सांगी देस, आमनी पोर तयार शे."

लीलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला भाकरी बांधून दिली. दुपारच्या पॅसेंजरला तासभर होता. भिवा गेला आणि त्या भांडी घासायला बसल्या.

बाहेरच्या खोलीतून बटणांचा आवाज आला. चार वेळा. लीलाबाई टीं टीं व्हायची वाट बघत राहिल्या. झालंच नाही.

ओल्या हातांनी त्या बाहेर आल्या. निशा डायरी डोळ्यांशी धरून वाचत होती.

"उघडली?"

निशा दचकली. मग खाली बघत म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत होतं, आई. पप्पांनीच सांगितलेलं. शब्द 'चूप' आहे."

"आणि इतके दिवस ते टीं टीं?"

"तुम्ही सांगाल ते टाकत होते ना! तुमच्यातलं कोणी 'चूप' म्हणालंच नाही." तिने डायरी पोटाशी धरली. "पप्पा म्हणालेले, आईला मीच सांगीन, तू बोलू नको. मग तू म्हणायला लागलीस, त्यांचं शेवटचं काम. कसं सांगू? सेल जायच्या आत एकदा वाचायचं होतं."

"वाच."

इंग्रजी अक्षरांतलं बापाचं मराठी निशाने अडखळत वाचलं. "'अमळनेर. एकवीस तारखेला फोन करून नकार कळवला. निशाला पुढे शिकायचंय. लीलाला रविवारी सांगायचं.' त्याच्याखाली, 'रविवारी जमलं नाही. पुढच्या रविवारी.' त्याच्याखाली पण तेच, आई. 'पुढच्या रविवारी.'"

लीलाबाई खाली बसल्या. चाळीस कामगारांवर ओरडणारा माणूस! एका रविवारी त्या लग्नात द्यायची पितळी भांडी काढून बसल्या होत्या. सुकदेव मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चहा करू का?" बावीस वर्षांत पहिल्यांदा. "कामात मधे मधे करू नका," म्हणून त्यांनी त्याला हाकलून दिलं होतं.

"मी एवढी कडक आहे का गं?"

निशा ओढणीने डायरी पुसायला लागली.

"बोल की!"

"थोडी."

लीलाबाईंनी ओले हात पदराला पुसले. मग एकदमच दोघींच्या तोंडून निघालं, "भिवा!"

रिक्षा करून त्या उधना स्टेशनला पोचल्या तेव्हा गाडीने शिट्टी दिली होती. भिवाचं डोकं खिडकीत दिसत होतं.

"भिवाभाऊ, उतरा! आधी उतरा!"

भिवा पिशवीसकट फलाटावर उडी मारून आला. "काय व्हयनं?"

"डायरी उघडली. जायचं नाही. त्यांना नकार कळवून झालाय."

"कोणी कळवला?"

"ह्यांनीच. एकवीस तारखेला."

"अन् तुम्हाले पत्ता नाही?" भिवा बघतच राहिला. "बायकोले न विचारता?"

लीलाबाईंनी धाप आवरली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"न विचारता कसं करतील? मीच सांगितलं होतं कळवा म्हणून. मधल्या गडबडीत माझ्याच डोक्यातून गेलं," त्या म्हणाल्या. "पोरीला अजून शिकू दे, असं आमचं दोघांचं ठरलेलं."

निशाने चटकन तोंड फिरवलं आणि सुटलेल्या गाडीकडे बघत राहिली.