बिनगंजाची बंदूक

तात्याजी खेडकरांनी बंदुकीच्या सौद्यात मला फसवलं. मला, म्हणजे पुंडलिक भांडेवाल्याला. भातकुलीच्या बाजारात डोक्यावर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी वाहून मी धंदा सुरू केला आणि आज अकोल्यात जठारपेठेत माझं स्टेनलेसचं दुकान आहे. घासाघीस करायला आलेल्या बायका माझ्यापुढे थकून मुकाट्यानं पिशवी उघडतात. आणि मला फसवणारा कोण? जंगल खात्यातला पेन्शनर हेडक्लार्क, ज्याला भाजीवाली किडकी वांगी चांगली म्हणून बांधून देत असे.

हे गृहस्थ माझे शेजारी. त्यांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला पाणी मिळायच्या आधी अंगठा द्यावा लागे. ओसरीवर घासून आरशासारख्या केलेल्या लोखंडी पट्ट्या ठेवलेल्या असत. "दाबा अंगठा. जोरानं. हां, सोडा आता." मग ती पट्टी ते खिळ्याला टांगून ठेवत. त्यांचं म्हणणं असं, की कोणाचा घाम गोडा असतो, कोणाचा खारा. खाऱ्या घामाच्या माणसानं लोखंडाला हात लावला की तिथे गंज चढतो. भिंतीवर पोस्टमन होता, शाळामास्तर होते, देवळातले भटजी होते. ज्याचा त्याचा अंगठा, कोणाचा फिका, कोणाचा तांबडा. फक्त त्यांच्या बायकोची, आम्ही काकू म्हणत असू त्यांची, पट्टी तिथे नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरच्या माणसाचं काय पाहाचं?"

माझी पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीच लालभडक. अंगठ्याच्या रेघा मोजून घ्याव्यात अशा. तात्याजी पट्टी हातात घेऊन गल्लीभर फिरले. "बाप्पा! हा हात नाई, मिठाची बरणी होय. शेठ, तुमी देवाले लांबून हात जोडत जा, फाटकाले हात लावू नोका. फाटक गळून पडीन." लोक हसले. मी ते विसरलेलो नाही.

एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. एकदा माझ्या दुकानात लग्नाची भांडी घ्यायला मंडळी बसली होती. सौदा तोंडाशी आला होता. तेवढ्यात हे आले, एक स्टेनलेसचा डबा उचलला आणि नवरीच्या आईला म्हणाले, "बाई, यात खारं लोणचं ठेवून पाहा. तांबडे ठिपके येतेत का नाई ते मले सांगजा."

मी म्हणालो, "तात्याजी, हे स्टेनलेस आहे. याला गंज लागत नाही."

"लागते ना! लोखंड लगेच गंजते, हे जरा लाजते. बस, इतकाच फरक."

मंडळी उठून समोरच्या पितळेच्या दुकानात गेली. मी त्यांना दुकानातून हाकललं, तर पायरीवरून परत वळून सांगतात, "आन् डबे काथ्यानं घासू नोका शेठ, लोखंडाच्या किसानं तं बिलकूल नाई. किसाचे कण बसतेत आन् तेच गंजतेत." गिऱ्हाईक गेलं आणि वर शिकवणी.

हे सगळं ज्ञान त्यांना मिळालं होतं एका बंदुकीपायी. जंगल खात्यातला गोरा साहेब विलायतेला परत जाताना दोन नळ्यांची बंदूक त्यांना विकून गेला. नळ्या बिनगंजाच्या पोलादाच्या, आमच्या डब्यांची थोरली बहीण म्हणा. तात्याजींनी ती कधी उडवली नाही. दिवाळीचा फटाका वाजला तरी ते कान झाकत. "उडवाले नाई घेतली, राखाले घेतली," म्हणत. रोज सकाळी ओसरीवर चटई पसरून बंदूक पुसायची. आधी कोरडं मलमल, मग शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, मग पुन्हा कोरडं मलमल. "तेल चोपडाचं नाई. तेल येऊन गेलं इतकंच नळीले आठवलं पाहिजे." कुठे ठिपका दिसलाच तर जुना तांब्याचा पैसा तेलात बुडवून हलक्या हातानं उभा घासायचा, आडवा कधीच नाही. तांबं पोलादाहून मऊ, त्यानं गंज निघतो आणि ओरखडा येत नाही. हा कार्यक्रम चालू असताना काकू पुढे पुढे चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून परत फिरत. ओसरीवर पाऊल टाकत नसत.

चामड्याचा त्यांना भारी राग. कोणी बंदूक चामडी खोळीत ठेवतो म्हटलं की ओरडत, "चामडं पाणी पिऊन बसते! काहून मारून राहिले तिले?" आणि त्यांच्याच बंदुकीच्या नळ्यांवर, डाव्या हाताची पकड येते तिथे, चामड्याचा मोजा घट्ट शिवलेला. विचारलं तर म्हणत, नळी तापली की हात भाजू नये म्हणून. जी बंदूक कधी उडाली नाही तिची नळी तापणार कधी? हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आयुष्यात तेवढा एकच प्रश्न विचारायचा राहिला आणि तिथेच बुडालो.

काकू गेल्या. पुढे तात्याजींची नजर मंदावली आणि अमरावतीला पुतण्याकडे राहायला जायचं ठरलं. बंदुकीवर एका वकिलाचा डोळा होता, हात कोरडा ठणठणीत, पट्टीवर डागसुद्धा न उमटलेला. पण तात्याजी आले माझ्याकडे. "शेठ, तुमच्या वावरात डुकरं येतेत ना?"

मी सकाळपासून त्यांना घोळात घेतलं. लाकडी दस्त्याला चीर आहे म्हणालो, घोडा ढिला आहे म्हणालो. ते प्रत्येक वेळी भाव उतरवत गेले. इतक्या सहज उतरणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी दुसऱ्याला शिकवतो. शेवटी विचारलं, "गंज?"

"शेठ, ही माह्या घरातली बंदूक होय. गंजाचं मले विचारता?"

गिऱ्हाइकाला मी स्वतः असं उत्तर देतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी मान डोलावली. कचेरीत लायसन्स माझ्या नावावर झालं. जाताना त्यांनी मलमल दिलं, तेलाची बाटली दिली. तांब्याचा पैसा मागितला तर म्हणाले, "तो कायले? काढाले काई नाईच तिच्यावर."

पावसाळ्यात त्या मोज्याला बुरशीचा वास यायला लागला. मी टाके उसवले. आत, दोन्ही नळ्यांच्या मधोमध, तांबडा अंगठा! लहानसा, स्पष्ट. माझं डोकं फिरलं. ज्यानं गावभर माझ्या हाताची बेअब्रू केली, माझं गिऱ्हाईक घालवलं, त्यानं गंजका माल चामड्याखाली झाकून माझ्या गळ्यात मारला!

मी ठरवलं, याचाच मंत्र याच्यावर चालवायचा. जुना तांब्याचा पैसा मिळवला. तेल नावापुरतं. उभं घासायचं, आडवं नाही. रविवार सगळा त्यात गेला. बायको म्हणाली, "मले वाटलं तात्याजीच बसले ओसरीवर." संध्याकाळी नळीत माझं तोंड दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी बंदूक खोळीत घालून अमरावतीची मोटार पकडली. त्यांच्या पुतण्यापुढे त्यांचा पंचनामा करायचा होता.

तात्याजी खाटेवर बसले होते, पुतण्या शेजारी उभा. मी बंदूक त्यांच्या मांडीवर टाकली आणि गरजलो, "इथे गंज होता! मोज्याखाली! लाज नाही वाटली?"

त्यांनी चष्मा काढला, नळी डोळ्यांपाशी नेली. "होता?"

"होता. आता नाही. मी काढला."

"पैशानं?"

"तांब्याच्या."

"आडवं तं नाई घासलं?"

"उभं."

"शाबास." त्यांचं बोट त्या जागेवरून फिरत राहिलं. "एक बी रेघ नाई ठेवली?"

"एकही नाही. नख लावून पाहा."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "काकूचा अंगठा होता तो. दसऱ्याचा."

दसऱ्याला शस्त्राची पूजा होते, तशी त्यांच्याकडे बंदुकीची होई. पण त्यांचा नियम होता, कोरडं फूल वाहायचं, हळद-कुंकू चटईला लावायचं. त्या वर्षी काकूंनी ओल्या कुंकवाचा अंगठा थेट नळीवर टेकवला. घरात सोनं द्यायला आलेली माणसं बसलेली. "म्या सगळ्यांपुढं म्हटलं, तुह्या हातानं माह्यं घर गंजलं. तिनं अंगठा पदराले पुसला. मंग बंदुकीपाशी आलीच नाई कधी. पुढच्या दसऱ्याले तं नव्हतीच." गंज चढलेला त्यांना नंतर दिसला. पैसा हातात घेतला, पण घासवेना. म्हणून चांभाराकडून मोजा शिवून घेतला.

"मग मला कशाला विकली? वकिलाला द्यायची!"

"वकील चोखंदळ. त्यानं पहिल्याच दिवशी पुसली असती. तुमी गंजाले भीत नाई. वाटलं, तुमच्या घरी राहीन तो तसाच." त्यांनी मान वर केली. "पुसाचं कोणापासून शिकले तुमी?"

"तुमच्यापासून!" मी ओरडलो.

त्यांनी माझा उजवा हात धरला आणि अंगठा त्या चकचकीत जागेवर टेकवला. "दाबा. जोरानं." मी दाबला. त्यांनी हात सोडला नाही. मग म्हणाले, "याच्यावर लवकर नाई चढनार. पुसू नोका फक्त."

बंदूक आता माझ्याकडे आहे. त्या जागेला मी मलमल लावत नाही. रोज सकाळी उजेडात धरून पाहतो. काही उमटलेलं नाही, नुसता धुरकट डाग. जगातली सगळी पोलादं गंजवणारा माझा हात, आणि नेमका इथे चालत नाही.

पण सौदा तो सौदा. मालातली खोट विकणाऱ्यानं दाखवायची असते. तात्याजींनी दाखवली असती तर मी भाव आणखी पाडला असता, डाग जन्मभर सांभाळला असता, आणि दोघंही सुखी राहिलो असतो. ते तोंड दाबून बसले आणि जे त्यांच्या हातून होत नव्हतं ते माझ्या हातून करवून घेतलं. वर शाबास म्हणाले. तात्याजी अमरावतीत आहेत, खाटेवर बसलेले असतात, ऐकायला चांगलं येतं. माझ्या गिऱ्हाइकांपुढे चुरूचुरू चालणारी त्यांची जीभ त्या दिवशी सौद्याला बसताना कुठे गेली होती? याचा जाब त्यांनी मला द्यावा. पुतण्यानं नाही, त्यांनी.