आबांचा सुईच्या भोकाचा कॅमेरा

अंथुर्ण्यात आमच्या शेजारचे सर्जेराव आबा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यानं फोटो काढतात. डब्याला भिंग नाही, बटण नाही. सुईच्या टोकानं पाडलेलं एक भोक, त्यावर काळी चिकटपट्टी आणि आत फोटोचा कागद. पट्टी काढली की आबा ओरडतात, "हलला की गेला!" पुढची दोन मिनिटं माणसानं शिंकायचंसुद्धा नाही.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरानवरीला हार उचलून असंच उभं केलं. भटजी घड्याळ बघून कावले. फोटोत मांडवाचे खांब ठसठशीत आले, नवरानवरीची नुसती वाफ.

भोक हा आबांचा जिव्हाळ्याचा विषय. "मोठं पडलं की फोटोचं पिठलं. लई बारीक केलं तरी उजेड विस्कटतो. मापात पायजे." त्यापायी त्यांनी थंड पेयांच्या डब्यांचा पत्रा कापून, टोचून, पॉलिश पेपरनं घासून पन्नासेक भोकं पाडलीत. आल्यागेल्याला ती डोळ्याला लावून बघावी लागतात. चहा नंतर.

माझं इंदापुरात फ्लेक्स छापायचं दुकान, म्हणजे आबांच्या लेखी मी पापीच. त्यांचा फोटो पोस्टकार्डाएवढा, त्यापुढं नाही. एकदा सोसायटीच्या चेअरमननं आबांनी काढलेला स्वतःचा फोटो वाढदिवसासाठी माझ्याकडून दहा फुटी करून घेतला. चौकात लोक विचारायला लागले, "ह्यो कोण?" आबा आठवडाभर माझ्यावर तापले होते. "भोकातनं आलं तेवढंच हाय. ताणून वाढतंय व्हय?"

तेच आबा परवा दुकानात आले आणि खिशातून एक फोटो काढला. चुलीपाशी पारूकाकी, आबांच्या सौभाग्यवती. नातू झाल्यापासून दोन वर्षं त्या पुण्याला लेकाकडे आहेत.

"हिच्या मापाचा कर."

"आबा, पार फुटंल."

"फुटू दे."

छापला. नाक कुठं, कुंकू कुठं, काही कळेना. मला फार वाईट वाटलं. आबांनी मात्र मला सोबत घेऊन तो घरी नेला, दारातून थेट दिसणाऱ्या भिंतीला, चुलीशेजारी लावला आणि मागं मागं सरकत निघाले. उंबरा ओलांडला, ओसरी उतरले, अंगणातल्या लिंबापाशी थांबले.

"हितनं बघ."

बघितलं आणि चाटच पडलो. एवढ्या लांबून सगळं जुळून आलं होतं. काकी चुलीपाशी बसल्या होत्या, हसू दाबत, पदर सावरून.

"रोज हितं बसून च्या पिणार," आबा म्हणाले.

त्यांनी तिथंच खुर्ची मांडली आणि काकींना फोन लावला. "आता तू घरात दिसतीयास बघ."

"अवो, काय याड लागलंय का?" काकींचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "बाळाला पाळणाघरात घातलंय. मी येतीया की रविवारी. आता तितंच ऱ्हाणार."

आबांनी उपरण्यानं दोनदा तोंड पुसलं. मग घसा खाकरून हळूच विचारलं,

"कितीच्या गाडीनं?"