नासायला ठेवलेले कांदे

प्रेक्षकांना प्रदर्शन दाखवायच्या रविवारच्या फेरीत काही चुकणं शक्यच नव्हतं! तनुजानं मिनिटामिनिटाची आखणी केली होती. दारातल्या लोखंडी खाटेपाशी सात मिनिटं, आरशांच्या भिंतीपाशी नऊ, कांद्यांपाशी बारा आणि मग आतल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म. कुठे हसायचं, कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढून हातात धरायचा, सगळं ठरलेलं. येरवड्याच्या एका जुन्या गोदामात भरलेलं हे प्रदर्शन म्हणजे क्युरेटर म्हणून तिचं पहिलंच स्वतंत्र काम. त्यात आज दिल्लीहून उत्कर्षा मॅडम आल्या होत्या. त्यांना आवडलं तर प्रदर्शन दिल्लीला जाणार. नाही आवडलं तर महिनाअखेर गुंडाळून घरी.

धोका एकच होता. त्याचं नाव श्यामसुंदर झेंडे, म्हणजे तिचे वडील. मार्केट यार्डात अडतीस वर्षं कांदा-बटाट्याची आडत करून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि लेकीचं काम बघायचंच म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"अप्पा, कशालाही हात लावायचा नाही," तनुजानं दारातच बजावलं. "आणि मध्ये बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय? मला यातलं काय कळतं!"

आणि खरंच, खाटेपाशी ते बोलले नाहीत. आरशांपाशीही नाही. पण कांद्यांपाशी आले आणि त्यांचा चेहरा रस्त्यात पडलेला पेशंट दिसलेल्या डॉक्टरसारखा झाला.

आमोद नावाच्या तरुण कलावंतानं वीस पोती कांदे जमिनीवर ओतून ठेवले होते. गेले एकवीस दिवस ते तसेच होते. कुणाला कोंब फुटलेले, कुणाला काजळी धरलेली, कुणाचं नुसतं पाणी झालेलं. वास असा, की नवख्या माणसानं आधी स्वतःच्याच मोज्यांकडे संशयानं पाहावं!

"इथे काळ स्वतःच स्वतःला सोलतो आहे," तनुजा चष्मा काढून म्हणाली.

उत्कर्षा मॅडमनी मान हलवली. फेरीला आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका इंदुबाई लिमये मात्र शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या गॅलरीतही सोलतो. आम्ही पाहुणे बोलावत नाही, इतकंच."

तनुजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मंडळींना आतल्या खोलीकडे वळवलं. अप्पा जागचे हलेनात. "तुम्ही व्हा पुढं. गुडघा धरलाय माझा. मी बसतो इथं स्टुलावर."

तनुजाला हायसं वाटलं. ब्याद टळली! आपल्याच वडिलांना ब्याद म्हणू नये, पण दिल्लीचा प्रश्न होता.

आतल्या खोलीत मिट्ट काळोख होता आणि समोर भिंतभर कांदे. छताला लावलेल्या कॅमेऱ्यातून बाहेरचेच कांदे इथे थेट दिसत होते. कोंब फुटण्याचा आवाज ऐकू यावा म्हणून आमोदनं त्यांच्यात माइकसुद्धा पुरला होता.

"या फिल्ममध्ये काहीही घडत नाही," तनुजा हलक्या आवाजात म्हणाली. "एकवीस दिवसांत या चौकटीत एकही माणूस आलेला नाही. आपण फक्त ते न घडणं पाहायचं."

सगळे पाहू लागले. एक मिनिट झालं. दोन झाली. आणि चौकटीत डाव्या बाजूनं एक टक्कल आलं.

टक्कल खाली वाकलं. धरलेला गुडघा सुटला असावा, कारण अप्पांनी छान मांडी घातली, बाह्या सारल्या आणि कांदे निवडायला घेतले! चांगले उजवीकडे, कोंबाचे डावीकडे, नासके थेट कोपऱ्यातल्या बादलीत. हात असा चालत होता, जणू पत्ते वाटताहेत. मग त्यांनी कान आणि खांद्यामध्ये मोबाइल धरून तनुजाच्या आईला फोन लावला आणि चारही स्पीकरमधून आवाज घुमला.

"शकू, अगं पोरगी काय बोलते! मला एक अक्षर कळलं नाही, पण लोक कसे कान देऊन ऐकत होते! ऊर भरून आला बघ. फक्त कांद्यात फसलीय ती. कुणीतरी नासका माल गळ्यात मारलाय. मी निवडून ठेवतो गुपचूप. तू बोलू नको तिला. वाईट वाटेल."

तनुजाचे डोळे भरून आले. अंधार होता म्हणून बरं! पण तेवढ्यात पडद्यावर बादली भरली, अप्पा दुसरी शोधायला लागले, आणि ती दाराचा पडदा सारून बाहेर धावली.

क्षणात तीही भिंतीवर दिसू लागली. माइकचं भान तिला कुठलं!

"अप्पा! ते नासायलाच ठेवलेत!"

"नासायला ठेवतात होय? कांदा आपला आपण नासतो. त्याला ठेवावं लागत नाही."

"ती कला आहे!"

"असेल. काय म्हणते ती?"

"मला काय माहीत! आमोदला विचारलं तर तो नुसता छताकडे बघतो. त्या पाटीवरचा मजकूर लिहायला मला दोन महिने लागलेत! आणि त्या दिल्लीच्या मॅडम, त्यांना तरी काय कळतंय? नुसत्या मान हलवताहेत मघापासून!"

आतल्या खोलीतून कुणीतरी खोकलं. तो इंदुबाईंचा खोकला तनुजाला स्वच्छ ऐकू आला. तेव्हा तिला माइक आठवला.

पडदा सरला. मंडळी एकेक करत बाहेर आली. सगळ्यात शेवटी उत्कर्षा मॅडम. तनुजाला वाटलं, त्या काजळी धरलेल्या ढिगात आपणही आडवं व्हावं.

"मी मान हलवत नव्हते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पहाटे चारला उठून विमान धरलंय. मला डुलक्या येत होत्या. जागी झाले ती तुमच्या वडिलांमुळे."

एवढ्यात आमोद आला. कुणीतरी त्याला फोन केला होता. आपल्या एकवीस दिवसांच्या मधोमध दोन नीटनेटके ढीग आणि एक भरलेली बादली पाहून तो पांढराफटक पडला. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला नासवायचाच होता ना? मग आधी विचारायचं नाही का कुणाला! असा वाऱ्यावर पसरलास तर दोन-तीन महिने जातील. ओल्या बारदानाखाली घाल, वर गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, टाक. आठ दिवसांत असा नासेल, की पाहत राहशील!"

आमोदनं वही काढली. "बारदान किती ओलं, काका?"

"बस, सांगतो."

उत्कर्षा मॅडमही दुसरं स्टूल ओढून बसल्या. बारा मिनिटांचे कांदे सव्वा तास चालले. आरशांकडे परत कुणी फिरकलंसुद्धा नाही. इंदुबाईंनी चांगल्या ढिगातले चार कांदे पिशवीत टाकले आणि वर विचारलं, "टिकतील ना हो हे?"

प्रदर्शन दिल्लीला गेलं! कांद्यांशेजारच्या पाटीवरचा तनुजाचा मजकूर मॅडमनी काढायला लावला. आता तिथे आमोदच्या नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'मार्गदर्शन: श्यामसुंदर झेंडे, मार्केट यार्ड, पुणे.'

तनुजाचं नावही आहे. जरा वाकून पाहावं लागतं, पण आहे!