सहा नंबरचं टार्गेट

दत्तप्रसाद नेरूरकरांची कोल्हापुरी चप्पल चोरीला गेली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि ते आजही आपल्या घरात मान वर करून वावरले असते.

चप्पल साधीसुधी नव्हती. चांगली करकरणारी होती, आणि ते ती घरातही घालायचे. दत्तप्रसाद हॉलमध्ये पोचायच्या आधी त्यांची वर्दी पोचायची. शारजात, रोल्लाच्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना नेरूरकर कधी उठले, कधी पाणी प्यायले आणि कधी कुठे गेले हे त्या चपलेमुळे ठाऊक असायचं. आणि एका शनिवारी सकाळी दाराबाहेरच्या रॅकवरून ती नाहीशी झाली. साधनाचे सँडल जागेवर, मुग्धाचे बूट जागेवर. चप्पल तेवढी गेली.

"चोर!" दत्तप्रसाद दारातूनच ओरडले. "अगं, आपल्याकडे चोरी झाली!"

"जाऊ दे हो. जुनी झाली होती," साधनाने तव्यावरच्या थालीपिठावरची नजरही न उचलता सांगितलं.

"जाऊ दे काय? आज चप्पल गेली, उद्या टीव्ही जाईल!"

"टीव्ही दाराबाहेर ठेवतो का आपण?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून दत्तप्रसादांनी एक निर्णय घेतला. (ज्या प्रश्नाला उत्तर नसतं, त्यावर ते निर्णय घेतात. ऑफिसातही त्यांची हीच ख्याती आहे.) घराच्या संरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं! आधी रेंजवर जाऊन नेमबाजी शिकायची, मग पिस्तूल घरी आणायचं, आणि मग चोराने यावंच.

दत्तप्रसाद दुबईत अल क्वोजच्या एका कंपनीत पर्चेस मॅनेजर आहेत. तीन कोटेशनं घेऊन, त्यांची तुलना करून, सर्वांत कमी दराचं जे निघेल ते 'एल-वन', ही त्यांची गीता. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन स्थळांची तुलना केली होती, आणि "आमची साधना एल-वन निघाली" असं ते चारचौघांत कौतुकाने सांगतात. (साधनाला ती पदवी वाटते, असा त्यांचा समज. अर्थ त्यांनी कधी सांगितलेला नाही.)

मग पिस्तुलाचा अभ्यास सुरू झाला. रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल बरं, पॉइंट टू टूची बारीक गोळी की नऊ एमएमची दणदणीत, मूठ केवढी, वजन किती! तीन महिने जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

"ठेवणार कुठे पण?" एकदा साधनाने विचारलं.

"कपाटात. कुलूप लावून. सेफ्टी फर्स्ट."

"त्या कपाटाची किल्ली गेल्या गणपतीपासून सापडत नाहीये. चोराला काय सांगणार, बस जरा, चहा घे, किल्ली शोधतो?"

"बाबा, यू कान्ट इव्हन ओपन अ पिकल जार," मुग्धाने फोनमधून डोकं वर न काढता भर घातली. तिचं वय तेरा.

दत्तप्रसादांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पिस्तूल येईपर्यंत सराव तर हवा, म्हणून त्यांनी साधनाचा हेअर ड्रायर घेतला. दोन्ही हातांनी धरायचा, गुडघे थोडे वाकवायचे, एक डोळा मिटायचा आणि आरशातल्या दत्तप्रसादला गारद करायचं. एका संध्याकाळी या पवित्र्यात असतानाच बेल वाजली आणि त्यांनी तसंच जाऊन दार उघडलं. दारात केरळचा लाँड्रीवाला, हातात इस्त्रीचे शर्ट.

त्याने ड्रायर पाहिला. मग नजर वर नेत दत्तप्रसादांचं तुळतुळीत डोकं पाहिलं.

"सार... बाल सुखाता है?"

त्या दिवसापासून सराव बंद झाला.

ऑफिसातला फ्रँक मूळचा वसईचा, अकाउंट्समध्ये काम करणारा आणि दत्तप्रसादांचा जवळचा दोस्त. तो शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात अधूनमधून जायचा. तो म्हणाला, "दत्ता, मॅन, किती दिवस यूट्यूब बघणार? गन म्हणजे बुटासारखी असते, घातल्याशिवाय कळत नाही. रविवारी चल. फॅमिली पॅकेज आहे, वहिनींना पण घे. यल्ला!"

साधना यायला तयार झाली, ती येताना बर दुबईला मीना बाझारात पडद्याचं कापड बघायचं या अटीवर.

क्लबात कॅप्टन हातेम नावाचा धिप्पाड इजिप्शियन शिक्षक होता. त्याने टेबलावर तीन हत्यारं मांडली. पॉइंट टू टूचं छोटं पिस्तूल, नऊ एमएमचं मोठं आणि एक रिव्हॉल्व्हर. तीन पर्याय बघून दत्तप्रसादांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

"यू वॉन्ट फॉर रेंज?" कॅप्टनने विचारलं.

"रेंज अँड होम. होम डिफेन्स," दत्तप्रसाद छाती काढून म्हणाले.

कॅप्टन हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस विनोद करत नाहीये. "नो होम, हबीबी! नो लायसन्स, नो होम. यू शूट हिअर, गन स्टे हिअर, यू गो होम, ईट बिर्याणी. खलास!"

दत्तप्रसादांना जो पहिला धक्का बसला तो पिस्तुलाचा नव्हता. तीन महिन्यांचा अभ्यास, त्यात मुठीच्या खडबडीतपणावरही एक रकाना, आणि मुळात वस्तू घरी नेता येते का, हे विचारायचंच राहिलं! पर्चेस मॅनेजरला हे शोभतं का?

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी फ्रँकला खेकसून विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू फक्त ग्रिपचं विचारलंस."

"म्हणजे चोर आला," साधना शांतपणे म्हणाली, "की त्याला गाडीत घालून इथे आणायचं."

पण पैसे भरले होते. भरलेले पैसे वाया घालवणारा नेरूरकर अजून जन्मलेला नाही. कॅप्टन म्हणाला, पहिल्यांदा धरताय तर छोटं घ्या. आवाज कमी, धक्का कमी, हात बसतो. दत्तप्रसादांनी नऊ एमएमवर बोट ठेवलं. पुरुषाने बायकोसमोर छोटं पिस्तूल धरायचं म्हणजे काय! साधना म्हणाली, "मला ते लहानच द्या. पर्समध्ये मावेल असं दिसतंय."

"सर, युवर टार्गेट सिक्स. मॅडम, फोर. फाइव्ह शॉट्स," कॅप्टनने सांगितलं.

समोर कागदी टार्गेटं ओळीने लावली होती आणि प्रत्येकावर अरबी आकडा रंगवला होता. दत्तप्रसादांना येऊन वर्ष झालं होतं, पण शेजारी इंग्रजी आकडा असताना अरबी वाचायच्या फंदात कोण पडतं? इथे मात्र शेजारी इंग्रजी नव्हता. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि त्यांना सहा दिसला. बालवाडीत पाटीवर गिरवलेला, अगदी ओळखीचा सहा! तो समोर नसून बराच डावीकडे होता. पण अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा टार्गेटंही तशीच लावत असणार, असा शोध त्यांनी उभ्या उभ्या लावला.

कानांवर जाड हेडफोन चढले. साधना तिच्या जागी, ते त्यांच्या जागी. दत्तप्रसादांनी नेम धरला, देवाचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

धडाम्!

आपल्याला कोणीतरी गोळी घातली, असंच त्यांना आधी वाटलं. हात खांद्यापर्यंत वर उडाला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आणि तोंडातून "आई गं" असं निघालं (सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते म्हणून अब्रू वाचली). उरलेल्या चार गोळ्या त्यांनी डोळे घट्ट मिटून झाडल्या. कॅप्टन मागेच उभा होता, पण त्याचं लक्ष टार्गेटकडे नव्हतं, दत्तप्रसादांच्या गुडघ्यांकडे होतं. हा माणूस कोसळला तर आधी पिस्तूल झेलायचं की माणूस, या विचारात तो होता.

मग कॅप्टन कागद घेऊन आला. सहा नंबरचा कागद कोरा करकरीत. एक ओरखडाही नाही.

"सर," तो शब्द शोधत म्हणाला, "व्हेरी सेफ."

आणि चार नंबर! मधल्या काळ्या ठिपक्यात भोकांचा नुसता घोस. "माशाल्ला! मॅडम, फर्स्ट टाइम?" कॅप्टनने साधनाला लगेच सर्टिफिकेट लिहून दिलं, कागद हातात ठेवताना तो तिच्याशी हळूच काहीतरी बोलला आणि ती ओठ दाबून हसली. काचेमागून मुग्धा आणि फ्रँक टाळ्या वाजवत होते. दत्तप्रसादांनीही वाजवल्या. हात थरथरत असल्याने त्या आपोआपच वाजत होत्या.

पुढचा धक्का बसला तो शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये. फ्रँक गाडी चालवत होता आणि पुढे एक जुनी पिकअप अडकली होती. तिच्या पाटीवर वर अरबी नंबर, खाली इंग्रजी. वर ओळखीचा सहा. त्याच्या बरोबर खाली... चार!

अरबी चार हा दिसायला आपला मराठी सहा! म्हणजे आपण ज्यावर गोळ्या झाडल्या तो चार होता. म्हणजे साधनाचं टार्गेट. म्हणजे ती भोकं... ती माझी आहेत!

"अगं..." त्यांनी तोंड उघडलं.

"काय?"

त्यांनी तोंड मिटलं. सांगायचं काय? मी दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळ्या घातल्या, कारण मला चार कळत नाही? उद्या फ्रँक आख्ख्या अल क्वोजला सांगेल. न सांगावं तर आपला पराक्रम बायकोच्या नावावर जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मीना बाझारात पडदे राहिले बाजूला, साधनाने फ्रेम घेतली. ते टार्गेट हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर लागलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कुणाचा हो हा नेम?" आणि दत्तप्रसादांना सांगावं लागायचं, "हिचा." तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला साधनाचं 'स्त्री आणि आत्मसंरक्षण' या विषयावर भाषण झालं. सतरंज्या दत्तप्रसादांनी घातल्या. रात्री सगळे निजले, की ते सोफ्यावर चढून त्या मधल्या भोकांकडे डोळे भरून बघायचे. पोटचं मूल दुसऱ्याच्या घरी वाढताना बघावं, तसं त्यांना व्हायचं.

शेवटी एका शुक्रवारी फ्रँक आणि त्याची बायको पामेला जेवायला आले. फ्रँकने सोलकढीचा ग्लास उंच धरला. "टू वहिनी! द बेस्ट शॉट इन रोल्ला!"

आणि दत्तप्रसादांचा बांध फुटला. "माझी आहेत ती! ती भोकं माझी आहेत!"

त्यांनी भराभरा सगळं सांगितलं. पेपर नॅपकिनवर आकडा काढून दाखवला, पिकअपची साक्ष काढली.

"बाबा, दॅट्स ग्रेड वन अरेबिक," मुग्धा म्हणाली.

साधना उठली. तिने फ्रेम उतरवून टेबलावर, पापलेटाच्या शेजारी ठेवली. "तीन महिने गोळ्यांचा अभ्यास केलात ना? मग नीट बघा. मधली ही पाच भोकं केवढी आहेत? साबुदाण्याएवढी. ही माझ्या लहान पिस्तुलाची. आणि इथे कोपऱ्यात एक आणि आकड्याच्या पोटात एक, ही हरभऱ्याएवढी दोन आहेत ना, ती तुमची."

दत्तप्रसादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. साबुदाणा साबुदाणाच राहिला.

"आणि... माझ्या बाकीच्या तीन?"

"त्या वाळवंटात शोधाव्या लागतील. कॅप्टननी तिथेच ओळखलं होतं. म्हणाले, मॅडम, साहेबांना घरी जाऊन सांगा, इथे नको. गुडघ्यांची गॅरंटी नाही."

"म्हणजे तुला महिनाभर माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"चारचौघांत कशाला तुमची शोभा? मला वाटलं, तुम्हाला आपोआप दिसेल," साधना म्हणाली, आणि पामेलाने "हाऊ स्वीट" म्हणून डोळे टिपले.

दत्तप्रसादांनाही भरून आलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं! ते म्हणाले, "सगळं त्या चोरामुळे झालं. एकदा तो चोर समोर यायला हवा होता."

"आलाय की," साधना म्हणाली. "हा काय, तुम्हाला पोळी वाढतोय."

दत्तप्रसादांनी आधी पोळीकडे पाहिलं, मग साधनाकडे.

"मीच टाकली ती चप्पल कचऱ्यात. घरून काम करताना माझ्या ऑफिसच्या कॉलवर मला दोनदा विचारलं, मॅडम, घरात सुतार आलाय का? मग म्हटलं, तुमच्याच पद्धतीने करावं. तीन कोटेशनं घेतली. तुमचं घोरणं, तुमची चप्पल आणि तुम्ही. सर्वांत स्वस्तात सुटका कशातून होते ते बघितलं." तिने पोळीवर तूप सोडलं. "चप्पल एल-वन निघाली."

"तुला... एल-वनचा अर्थ माहीत आहे?"

"फ्रँकनी मागेच सांगितला."

फ्रँक पापलेटाचे काटे काढण्यात गढून गेला होता.

हल्ली दत्तप्रसाद घरात रबरी स्लीपर घालतात. अजिबात आवाज न करणारी. आणि रात्री ती दाराबाहेर ठेवत नाहीत, उशाशी घेऊन झोपतात. न घोरता झोपायचा सरावही सुरू आहे, कारण पुढचं सर्वांत स्वस्त कोटेशन कोणतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.